सूनबाईबरोबर किनाऱ्याकिनाऱ्यानं

सोमवार, ४ नोव्हेंबर
बी.पी. सकाळी १३४/८४, संध्याकाळी १४०/८६. गोळ्या चारही घेतल्या.

डॉक्टरांनी ही वही आकड्यांसाठी घालून दिली आहे. पण दोन आकडे लिहून बाकीचं पान कोरं ठेवायचं माझ्या जिवावर येतं. त्यातून लिहिण्यासारखं बरंच आहे आणि बोलायला बरोबर फक्त सूनबाई, जिच्याबद्दलच लिहायचं आहे. तेव्हा वहीच बरी.

आज आम्ही निघालो. तीन आठवडे, किनाऱ्यानं जाणाऱ्या बसनं, गावोगाव थांबत. "आई, तुम्हाला समुद्र दाखवते," म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झाली, बाई कधी तळ्याकाठी फिरायला गेली नाही. दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासायची, घरी आलं की डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायचं, एवढंच तिचं जग. तिला एकदम समुद्राचा उमाळा आला? मी डॉक्टरांना विचारलं, समुद्राची हवा चालेल का. ते म्हणाले, "हवा कुठलीही चालेल, धक्का चालणार नाही." हृदयात जाळी बसवल्याला आता दोन महिने होतील.

समुद्र मात्र खरंच बघण्यासारखा आहे. बस कड्याच्या कडेनं जाते, तेव्हा खिडकीत नुसतं निळं. मी पोरीसारखी काचेला नाक लावून बसले होते.

मुक्काम मोठ्या बंदराच्या गावी. लॉजची खोली तिसऱ्या मजल्यावर. सगळीकडे वाळू, उशीच्या अभ्र्यातसुद्धा. चहा झाल्यावर सूनबाई म्हणाली, "सूर्यास्त बघून येते." सूर्यास्त आमच्या खिडकीतून दिसत होता. मी तो एकटीनं बघितला. बाई दीड तासानं आली, बाहीला काळं ग्रीस. सूर्यास्ताला ग्रीस असतं हे मला माहीत नव्हतं.

चिरंजीवांचा निरोप आला: 'आई, मी ठीक आहे. जहाजावर नेटवर्क नसल्यामुळे फोन करता येत नाही. गोळ्या आणि पाणी वेळेवर घे.' जीव भांड्यात पडला. लेकाचं शुद्धलेखन मात्र हल्ली फार सुधारलं आहे. शाळेत 'आणि'तला 'णि' कायम दीर्घ काढायचा, त्यावरून छड्या खाल्ल्या आहेत. जहाजावर सेकंड इंजिनीयर झाला की ऱ्हस्व-दीर्घ आपोआप येत असावं.

बुधवार, ६ नोव्हेंबर
१३६/८४. चालणं बरंच झालं.

आजचं गाव जाळी विणणाऱ्यांचं. धक्क्यावर चाळीसेक बायका जाळ्यांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या. भाषा आपलीच, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर उंच फेकतात, त्यामुळे भांडतायत की गप्पा मारतायत ते कळत नाही. मी उभी राहून बघत होते, तर एकीनं ओढून शेजारी बसवलं आणि हातात जाळी विणायची सुई दिली. मी चार गाठी मारल्या. तिनं त्यातल्या तीन उसवल्या आणि चौथी सगळ्यांना फिरवून दाखवली. टाळ्या पडल्या. नोकरीतून निवृत्त झाले तेव्हाही माझ्यासाठी इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

मान वर केली तर पन्नास पावलांवर सूनबाई, डिझेलच्या पंपावरच्या माणसाला फोनवर काहीतरी दाखवत होती. त्यानं नकारार्थी मान हलवली. मी जवळ जाताच फोन पिशवीत.

"काय दाखवत होतीस गं?"
"रस्ता विचारत होते, आई."
"फोन नाकाशी धरून?"
ती किंचित थांबली. "नकाशा होता."

तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. खोटं बोलण्याआधी माणूस किती थांबतो ते मला कानानं कळतं. पाणी कुठंतरी मुरतंय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
१४६/९०.

मिठागरांचं गाव. चौकोन चौकोन पाणी, प्रत्येकाचा रंग वेगळा, शेवटचा तर चक्क गुलाबी. डोळे दिपतात म्हणून इथली माणसं बारीक डोळे करून बोलतात, त्यामुळे सगळी आपल्यावर संशय घेतायत असं वाटतं. भाषा निम्मी कळते. मुकादमबाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून फिरत होत्या. सकाळी सूनबाई त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती. मी गेले तेव्हा त्यांनी खुणेनं विचारलं, मुलं किती? मी एक बोट दाखवलं. कुठे असतो? मी समुद्राकडे हात केला, जरा ऐटीतच. त्या हसल्या नाहीत. माझा तो हात धरून त्यांनी हळूच खाली केला आणि तसाच धरून ठेवला. का, कोण जाणे. लोकांच्या रीती वेगळ्या असतात.

दुपारी झोपायला पडले. खोल्यांच्या मधे नुसती फळ्यांची भिंत. सूनबाई पलीकडच्या व्हरांड्यात फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. शब्दन् शब्द लिहून ठेवते:

"हो साहेब. बावीस तारखेच्या आत, काहीही करून. नाही, आईंना काहीच माहीत नाही, कळता कामाच नये. तुम्ही होता म्हणून मी उभी आहे, साहेब. नाहीतर…"

आणि रडली.

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कोण हा साहेब? बावीसला काय आहे? माझं पोर तिकडे पाण्यावर राबतंय आणि इकडे मला म्हातारीला सोबतीला घेऊन, म्हणजे कुणाला संशय यायला नको…

पुढचं लिहवत नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर
१५८/९४. हे आकडे तिला दाखवले नाहीत.

सूनबाई आंघोळीला गेली तेव्हा मी चिरंजीवांना निरोप लिहिला: 'सोन्या तुझी बायको कोणा साहेबाशी चोरून बोलते. बावीसला काहीतरी ठरलंय. तू येऊन जा. मी सांगितलं हे सांगू नको.' दोनदा वाचला आणि पाठवला.

पाठवला आणि खुर्चीवरच्या तिच्या पिशवीत काहीतरी गुरगुरलं. तिचा फोन तर माझ्या उशाशी चार्जिंगला होता. म्हणजे दुसरा फोन आहे! साहेबांसाठी वेगळा. पिशवी उघडायला हात शिवशिवला, पण दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायचा नाही, हे वळण आमच्या घरात मीच लावलेलं.

तासाभरानं उत्तर आलं: 'आई, तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे; तूही ठेव. ती तुझी काळजी घेते ना? मग झालं.' अर्धविरामासकट. मुलगा भोळा आहे, बापावर गेला.

जेवताना तिनं नेहमीसारखे माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून दिले. स्वतः दोन घास खाल्ले. डोळे सुजलेले. साबण गेला म्हणाली.

सोमवार, ११ नोव्हेंबर
१५०/९२.

होड्या बांधणारं गाव. किनाऱ्यावर अर्धवट होड्यांचे सांगाडे, आणि हवेत लाकडाचा, तेलाचा वास. इथले लोक कमी बोलतात. मापंसुद्धा बोटांनीच सांगतात, त्यामुळे गावात एवढी ठोकाठोक असून शांत वाटतं. उतरलो एका बुजुर्ग मिस्त्रींच्या घरी, त्यांनी माडीवरची खोली दिली. मला एका नव्या होडीत चढवून उभं केलं. रंग न दिलेलं लाकूड तळव्याला उबदार लागतं. अशा वेळी वाटतं, काय वाईट आहे हा प्रवास? आणि मग तिच्या तोंडाकडे बघितलं की वाटतं, आपण कुठल्या तरी खड्ड्याकडे चाललोय आणि डोळ्यांवर पट्टी माझ्याच आहे.

जेवताना मिस्त्री म्हणाले, "इंजिनाचं काम करणारा एक पाहुणा होता आमच्याकडे, सोळा दिवस. हात सोन्याचा. पण जेवताना पाठ करून बसायचा."

सूनबाईच्या हातातलं पाण्याचं भांडं हिंदकळलं. "कुठे गेला?"

"खाली. खाडीपलीकडे किनाऱ्याचं शेवटचं गाव आहे, तिथली बस विचारायचा. थांब्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. असं तीनदा झालं. बारा दिवसांपूर्वी गेला तो नाही आला."

ती ताटावरून उठून अंगणात गेली. मिस्त्रीणबाई मागोमाग. फळ्यांच्या फटीतून मला दिसलं, त्यांनी तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले होते आणि ती लाकडाच्या भुशात गुडघ्यांवर बसली होती.

म्हणजे एक साहेब आणि एक मेकॅनिक. आणि मेकॅनिकच हवा होता तर माझा लेकही इंजिनाचंच काम करतो, त्याच्यात काय कमी होतं? लाज वाटते हे लिहायला, पण मनात आलं ते आलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बी.पी. घेतलं नाही.

खाली जाणारा रस्ता दरडीनं बंद, म्हणून लाँचनं आलो. समुद्र उसळलेला. सूनबाईला उलट्या सुरू झाल्या. ती कठड्याला धरून ओणवी, तिची पिशवी माझ्या मांडीवर. रुमाल काढायला हात घातला तर हाताला कापडी कव्हर लागलं. निळं, कडेला पांढरा टाका. मीच शिवलेलं. आत चिरंजीवांचा फोन. कोपऱ्यातली भेग गेल्या सुट्टीत माझ्याच हातून पायरीवर पडून गेलेली.

फोन चालू होता. त्यावर 'आई' असं नाव आणि खाली मी सकाळी पाठवलेलं, 'सोन्या जेवलास का.'

फोन इथे आहे. मग तो कुठे आहे?

मी पिशवी बंद केली. सूनबाईनं मान वर केली, म्हणाली, "आई, पाणी." मी पाणी दिलं. तोंड पुसलं तिचं. विचारलं काहीच नाही. जोवर विचारलं नाही तोवर तो आहे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आजचं सगळं नीट लिहिते. हात स्थिर आहे.

सकाळी मी पलंगावर बसून होते, ती खिडकीत कपडे वाळत घालत होती. मी फोन घेतला आणि लिहिलं, 'सोन्या, तू आहेस का?' पाठवलं. खुर्चीवरची पिशवी गुरगुरली. तिनं हातातला टॉवेल घातला, चिमटा लावला, मग सहज उचलल्यासारखी पिशवी उचलली आणि न्हाणीघराकडे वळली.

मी म्हटलं, "इथंच बसून लिही. मला घाई नाही."

ती पाठमोरीच उभी राहिली. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"कधी गेला?" मी विचारलं.

"नाही, आई! जिवंत आहे तो. तुमच्या गळ्याची शपथ, जिवंत आहे. बारा-चौदा दिवसांपूर्वी त्या मिस्त्रींनी बघितलाय."

पाहुणा. सोळा दिवस. पाठ करून जेवणारा.

मग तिनं सांगितलं. जहाजावर आग लागली. इंजिनात तेलाची नळी गळत होती. इंजिन थांबवून दुरुस्त करायची होती, पण बंदर गाठायला उशीर होईल म्हणून कप्तानानं थांबवू दिलं नाही. चिरंजीवांनी फिटरला चालू इंजिनातच नळी आवळायला पाठवलं. सांधा सुटला, तेल तापल्या नळकांड्यावर उडालं. फिटर एक्केचाळीस वर्षांचा. तिथंच गेला. आणि त्यानंतर कागद झाला, की फिटर कुणाला न विचारता स्वतःच्या मनानं आत गेला आणि त्याच्या निष्काळजीपणानं आग लागली. त्या कागदावर माझ्या मुलाची सही आहे. दोन दिवसांनी जहाज बंदराला लागलं, तो उतरला आणि चालू लागला. सामान, फोन, सगळं तिथंच टाकून.

"एकदा फोन आला," ती म्हणाली. "त्या पहिल्या बंदरातल्या कँटीनमधून. बोलला नाही, नुसता श्वास. मी ओळखला. साहेब म्हणजे युनियनचे, आई. बावीसला चौकशी आहे. त्या दिवशी तो उभा राहिला नाही तर तो कागदच खरा ठरेल, कायमचा."

"मला का नाही सांगितलंस?"

"कंपनीकडून त्याची पेटी छापखान्यात आली, त्याच सकाळी तुम्हाला ऑपरेशनला आत नेलं होतं. शुद्धीवर आल्यावर तुम्ही त्याचंच नाव घेत होतात. म्हणून पहिला निरोप लिहिला. मग थांबताच येईना. घरी तुम्हाला एकटं ठेवता येईना, आणि त्याला शोधायला न जाऊन चालेना."

या पोरीबद्दल मी या वहीत काय काय लिहिलंय ते वर आहेच. खोडणार नाही. ते वाचून लाजायला हवंच मला.

शेवटी म्हटलं, "त्याचा 'णि' दीर्घ असतो."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका आवरेना. मी खाली जमिनीवर तिच्याशेजारी बसले. उठताना दोघींना एकमेकींचा आधार लागला.

मग मी विचारलं, "त्या फिटरचं घर कुठे?"

"खाडीपलीकडे. शेवटच्या गावात."

तिला वाटत होतं तो पळतोय. पळणारा माणूस एकाच दिशेला, एकाच रस्त्यानं, गावामागून गाव असा जात नाही. आठ वर्षांचा असताना त्यानं शेजाऱ्यांची काच फोडली होती. सांगायला मी पाठवलं, तर दार वाजवण्याआधी त्यांच्या घराला किती फेऱ्या घातल्या त्या मी खिडकीतून बघितल्या आहेत. तो पळत नाहीये. तो जातोय, आणि त्याला पोचता येत नाहीये.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
१५२/९०. घेतलं, कारण सूनबाई आता समोर बसून घ्यायला लावते.

खाडीच्या अलीकडचं गाव. भाषा आता पार बदलली, पाट्यासुद्धा वाचता येत नाहीत. पण मी फोटो दाखवला की लोक समजतात. आता मी उघड दाखवते, दोघी दोन बाजूंनी विचारतो. फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकीट देणाऱ्या बाईनं फोटो बघून लगेच बोटानं दाखवलं, बर्फाचा कारखाना. मग दोन बोटं चालल्यासारखी करून धक्क्यापर्यंत आणली आणि परत नेली. सहा वेळा.

कारखान्यात आत शिरताच गारठा. लाद्या घसरत येतायत, जमिनीवर पाणी, यंत्राची धडधड. यंत्राच्या मागे एक माणूस उकिडवा बसलेला. दाढी, कुणाचा तरी सैल शर्ट. मानेवरून ओळखला मी. हाक मारली नाही, जाऊन समोर उभी राहिले.

त्यानं पाना खाली ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाला, "आई, तुझं ऑपरेशन झालं ना?"

"झालं. तुला कुणी सांगितलं?"

"मी घरी फोन केला होता बंदरातून. तुझा लागला नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. म्हणून मग हिला…"

त्याला बाहेर आणलं. कारखान्यामागे रिकाम्या पेट्यांवर बसलो. सूनबाई त्याचा सैल शर्ट मुठीत धरून बसली, सुटलं तर जाईल म्हणून.

"घरी येऊ शकत नाही मी," तो म्हणाला. "पुढे जाऊ शकत नाही आणि मागेही येऊ शकत नाही."

"सही का केलीस?"

"कप्तान म्हणाला, फिटर तर गेलाच, त्याला आता काय फरक पडतो? जिवंत माणसांच्या नोकऱ्या वाचव. आई, मी तीन दिवस झोपलो नव्हतो. त्यांनी पेन हातात दिलं. मी केली."

"फरक त्याला नाही पडत. त्याच्या आईला पडतो."

"मला माहीत नाही का ते? गावात सगळे म्हणतात, त्यानं स्वतःच्या चुकीनं जहाज पेटवलं. त्याच्या घरच्यांशी कुणी नीट बोलत नाही. मी इथं रोज ऐकतो. त्याच्याकडूनच शिकलो मी ही भाषा, जहाजावर रात्रीच्या पहाऱ्याला असताना. पाच शब्दांचं वाक्य आहे, आई. तो आपणहून गेला नव्हता, मी त्याला पाठवलं. त्यांच्या भाषेत पाच शब्द. फेरीत पाय ठेवला की तोंड कोरडं पडतं."

मी चिडले. खरं तर त्याला पोटाशी धरायचं होतं, पण चिडले. म्हटलं, "सही करताना हात चालला, आणि आता पाय चालत नाहीत?"

सूनबाई पहिल्यांदा बोलली. "आई, पुरे."

मी गप्प झाले. नऊ वर्षांत तिनं मला गप्प केलं नव्हतं. तिनं त्याला म्हटलं, "उद्या आम्ही दोघी जाणार आहोत पलीकडे. आम्हाला भाषा येत नाही. तू आलास तर बरं होईल." बास. आणि फोन काढून साहेबांना सांगितलं, सापडला. चौकशीचं विचारलं असावं, कारण तिनं फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं तळवे पँटला पुसले. मग फोनमध्ये म्हणाला, "येतो मी."

आज तो आमच्याच खोलीत, दाराकडे पाय करून जमिनीवर झोपला आहे. येतो म्हणाला खरा. उद्याचं उद्या.

रविवार, १७ नोव्हेंबर

काल लिहिणं शक्य नव्हतं.

मंगळवारी आम्ही तिघं परत निघू. बावीसला तो चौकशीपुढे उभा राहणार. साहेब म्हणतात, लायसन्स जाईल, कदाचित त्याहूनही जास्त काही होईल, खोटं सांगणार नाही. सूनबाई म्हणाली, होऊ दे.

काल सकाळी फेरीवर गर्दी होती. तो आमच्या मधे उभा राहिला. पाय ठेवला तेव्हा मी समोरच्या पाण्याकडे बघत होते, त्याच्याकडे नाही. पलीकडे उतरल्यावर त्यानं रस्ता विचारला नाही, त्याला पाठ होता.

घर खाडीच्या काठावर. बसकं, पत्र्याचं छप्पर, पुढे अंगण, त्यात भिंतीला लागून एक लांब बाक. फिटरची आई माझ्याच वयाची, रुंद हातांची. बाकावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं वर बघितलं. तो तिच्यासमोर उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना लोंबत, आणि बोलला. पाच शब्द.

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. मला वाटलं रडेल, मारेल, दार लावून घेईल. या सगळ्यासाठी मी तयार होते. तिनं घडी बाकावर ठेवली, उठली आणि फाटकाशी जाऊन शेजाऱ्यांच्या घराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली. एक बाई आली. फिटरची आई माझ्या मुलाकडे वळली आणि एकच शब्द म्हणाली. तो मला न सांगता कळला. परत सांग.

त्यानं सांगितलं.

तिनं पुन्हा हाक मारली. दोन पुरुष आले, होडीतून उतरून, ओल्या पायांनी. परत सांग. त्यानं सांगितलं. मग फिटरचा भाऊ आला धावत, त्याच्या हातात वल्हं होतं. फिटरची आई दोघांच्या मधे उभी राहिली आणि भावाकडे न बघताच म्हणाली, परत सांग. सांगितलं. भावाच्या हातातलं वल्हं खाली आलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते.

मग शाळेचे मास्तर आले, दुकानदार आला, दोन म्हाताऱ्या हात धरून आल्या. जे जे इतके दिवस कुजबुजत होते ते ते ती हाक मारून बोलावत होती, आणि प्रत्येकासमोर माझा मुलगा तेच बोलत होता. ऊन डोक्यावर आलं. चौथ्या वेळी ते वाक्य मला पाठ झालं. आठव्या वेळी त्याचा आवाज बसला. सूनबाई त्याला पाणी द्यायला पुढे झाली तर तिला त्यानंच हातानं थांबवलं.

शेवटी एक फार म्हातारे गृहस्थ आले, फिटरचे आजोबा असावेत. काठी टेकत, कानाला ऐकू न येणारे. सगळ्यांनी वाट दिली. ते माझ्या मुलाच्या अगदी पुढ्यात येऊन थांबले आणि कानामागे तळवा धरला. मुलगा तोंड उघडायचा आणि नुसती हवा यायची. एकदा झालं, दोनदा झालं. म्हातारबाबा कान पुढे करून थांबलेच.

मी पुढे गेले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हटलं ते वाक्य, त्यांच्या भाषेत, पाचही शब्द. त्यातला 'मी' कुठला ते मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो बदलता आला नाही. तो आपणहून गेला नव्हता, मी त्याला पाठवलं. माझ्याच तोंडून तसं गेलं, आणि अंगणात सगळ्यांनी ऐकलं.

म्हातारबाबांनी मान डोलावली. कळलं, अशी.

फिटरच्या आईनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग घड्या घातलेले कपडे बाकावरून उचलून मांडीवर घेतले, शेजारी जागा झाली.

मी बसले नाही. फाटकातून आणखी दोघं आत येत होते, आणि मुलाचा आवाज अजून बसलेलाच होता.